तिसरा नंबर

[पहाट. व्हरांड्यात चपलांची रांग. लांबून पीटीची शिट्टी.]

सकाळचे सहा. पुणे जिल्ह्यातलं एक व्यसनमुक्ती केंद्र. माणसं उठायच्या आधी इथे चपला मोजल्या जातात. रात्री कुणी भिंत ओलांडून गेलं असेल, तर पहिल्यांदा ते या रांगेतच कळतं.

आज सगळ्या जोड्या जागेवर आहेत.

[वॉर्ड. पांघरुणात गुरफटलेला एक तरुण, चेहरा धूसर. खाटेशेजारी बादली.]

या मुलाचा हा दुसरा दिवस. वॉर्डातली भाषा सांगायची तर त्याला टर्की लागलीये. गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची, शेवटची पुडी पन्नीवर ओढून झाली, की आठ-बारा तासांत हे सुरू होतं. आधी जांभया. मग नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पायांत गोळे, जुलाब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस. औषधांनी त्रास कमी होतो, तरी झोप येत नाही. शेजारी बसून त्याचे पाय चेपणारा माणूसही पेशंटच आहे. त्याचा आज अठरावा दिवस.

[जेवणाची पंगत. पोळ्यांची टोपली फिरते.]

आणि हा दहावा दिवस असलेला. तिसरी पोळी मागतोय. टर्की ओसरली की भूक अशी खवळते, गालफडं भरतात. रविवारी भेटायला आलेली आई त्याच्याकडे बघून रडते आणि म्हणते, आता बरा झालाय, घरी नेते.

केंद्रातून सर्वांत जास्त माणसं टर्कीतच पळत असतील, असं आम्हालाही शूटिंगआधी वाटत होतं. इथले समुपदेशक म्हणाले, त्या दिवसांत पळायचं त्राणच नसतं. माणूस हातचा जातो तो बरं वाटायला लागल्यावर. शेतीची कामं निघतात, चुलतभावाचं लग्न निघतं, मालकाचा फोन येतो.

[येरवड्याचा रस्ता. वाहतूक. मनोरुग्णालयाची कंपाउंडची भिंत.]

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर पसरली आणि मराठीला ‘गर्दुल्ला’ हा शब्द मिळाला. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले. डॉ. अनिता अवचट याच मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी इथल्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. महाराष्ट्रात व्यसनी माणसाला ‘पेशंट’ म्हणायची सवय लागली, त्यात या जागेचा वाटा मोठा. आधी त्याला घरात एकच शब्द होता, आणि तो निवेदनात म्हणता येणार नाही.

[पुन्हा केंद्र. भिंतीवरचं कॅलेंडर, तारखांवर फुल्या.]

आपण ज्या केंद्रात आहोत, तिथला मुक्काम ३५ दिवसांचा. अमेरिकेत नव्वदच्या दशकात ११ शहरांतल्या सुमारे दहा हजार रुग्णांचा माग ठेवला गेला. निवासी उपचारांत तीन महिन्यांच्या आत बाहेर पडलेल्यांना फायदा फारसा टिकला नव्हता. म्हणजे ९० तरी हवेत, आणि आत मिळतात ३५. उरलेले ५५ दिवस घरी, त्याच गल्लीत, त्याच मित्रांच्या शेजारी काढायचे.

सरकारी अनुदान मोजतं ते खाटा. १५ खाटांचं केंद्र, ३० खाटांचं केंद्र. या ५५ दिवसांना खाट नसते.

[टेबल. निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर, नावं झाकलेली. समुपदेशकाचा हात फोनकडे.]

त्यांची खाट म्हणजे हे रजिस्टर. डिस्चार्ज होताना प्रत्येकाकडून तीन नंबर घेतले जातात. पहिला स्वतःचा, तो महिन्याभरात बदलतो किंवा विकला जातो. दुसरा घरच्यांचा, ते लाजेपायी ‘सगळं छान आहे’ म्हणतात. तिसरा नंबर कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा. तो मात्र पेशंटच्याच संमतीने, आणि फोनवर केंद्राचं नाव घ्यायचं नाही ही अट.

फोन करणारे हे गृहस्थ एकेकाळी स्वतः गर्दवर होते. तीनदा ॲडमिट झाले. दोनदा मुदतीआधी निघून गेले. ‘परत आलास?’ असं इथे कुणाला विचारत नाहीत, हा नियम त्यांचाच.

[हातांचे क्लोजअप. रजिस्टरची पानं.]

बाहेर गेल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. जुन्या मापाने घेतलेली एक पुडी जीव घेऊ शकते. मेथाडोन हे गर्दच्या जागी देखरेखीखाली दिलं जाणारं औषध. त्यावर टिकून राहिलेल्यांमधलं मृत्यूचं प्रमाण उपचार सुटलेल्यांच्या साधारण एक तृतीयांश असतं, असं जगभरचे अभ्यास सांगतात. आपल्याकडे अशाच कामाची बुप्रेनॉर्फिनची गोळी सरकारी ओएसटी केंद्रांत, म्हणजे असं पर्यायी औषध देणाऱ्या केंद्रांत मिळते.

[गेट. भाऊ मोटारसायकलवर. मागे बॅग घेऊन बसणारा तरुण.]

सतरावा दिवस. हा निघालाय. गेटवर कुणी वाद घातला नाही. शनिवारच्या फॉलोअप मीटिंगची वेळ चिठ्ठीवर लिहून दिली, तीन नंबर घेतले.

[टेबल. पंख्याचा आवाज. नऊ दिवसांनंतर.]

पहिला नंबर, ‘सध्या बंद आहे’. दुसऱ्यावर रिंग वाजून थांबली.

तिसरा उचलला गेला.

‘मित्र बोलतोय त्याचा. दिसतो का?’

‘आत्ताच दूध घेऊन गेला. हाक मारू?’

[रिसिव्हर कानाला. दुकानातल्या रेडिओचा आवाज. थांबणं.]