दिवसाची वीज आणि विहिरीचं पाणी

रब्बीत गव्हाला पाणी द्यायला आपला शेतकरी रात्री शेतात जातो. हे आपण इतकं गृहीत धरलंय, की त्यात काही वावगं आहे असं शहरात कुणाला वाटतही नाही. थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी घ्यायची, खांद्यावर फावडं टाकायचं आणि वाफ्यावाफ्याला दारं धरत पहाटेपर्यंत चिखलात उभं राहायचं. जुन्नरच्या पट्ट्यात उसात बिबट्या असतो. साप तर सगळीकडेच. लाईट मध्येच गेली तर परत कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून मोटरीला ऑटो स्विच लावलेला असतो. मग लाईट आली की एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, दाब कोसळतो, कुणाच्या मोटरीचं वायंडिंग जळतं, कधी अख्खा डीपीच जातो. तो बदलून मिळेपर्यंत पीक वाळत उभं.

शेतीची वीज रात्रीवर ढकलली गेली, कारण रात्री मागणी कमी असते आणि वीजकेंद्रं तर चालूच ठेवावी लागतात. शिवाय सत्तरच्या दशकापासून अनेक राज्यांनी मीटर काढून अश्वशक्तीवर बिल लावलं. वीज स्वस्त झाली, पण स्वस्त वीज भरपूर कोण देणार? मग तास कापले गेले. स्वस्त, पण अपुरी आणि अवेळी, असा सौदा शेतकऱ्याच्या गळ्यात पडला तो आजतागायत. विकसनशील देशांतल्या सौरऊर्जेबद्दल बोलताना आपण मेगावॅटचे आकडे मोजतो, भव्य सोलर पार्कचे फोटो दाखवतो. माझ्या मते या ऊर्जेची खरी परीक्षा या शेतात आहे. कारण सूर्य दिवसा असतो, आणि शेतकऱ्यालाही वीज दिवसाच हवी आहे.

महाराष्ट्रानं हे ओळखलं, याचं श्रेय मी मोकळ्या मनानं देतो. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, राळेगणसिद्धीसारख्या गावांपासून सुरुवात झाली. कल्पना सरळ आहे. गावठाणाचा फिडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी, वेगळा, शेतीचा वेगळा. उपकेंद्राच्या जवळच काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्याची वीज तिथूनच शेतीच्या फिडरवर सोडायची. लांबून वीज आणताना होणारी गळती वाचते, आणि दुपारी मोटरी चालतात. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. तीत जमिनीचं भाडं हेक्टरी ७५ हजारांवरून वर्षाला सव्वा लाख रुपये झालं, दरवर्षी ३ टक्के वाढीसह. ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास मिळते. एरवी शेतापर्यंत वीज पोचवायला सगळा खर्च धरला तर याच्या दुपटीहून जास्त लागतात. म्हणजे यात सरकारचंही हित आहे. योजना टिकण्याचं ते मोठं कारण ठरेल.

दुसरा रस्ता सौरपंपाचा. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची. आपल्याकडे 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्यापुढे साडेसात. ज्याला वर्षानुवर्षं कनेक्शन मिळालं नव्हतं, त्याच्या विहिरीवर पॅनेल उभे राहतात तेव्हा त्या घराचं वेळापत्रक बदलतं. पाणी उन्हाच्या वेळेत, घरचा माणूस रात्री घरात. बाईला एकटीनंही दुपारी पाणी भरता येतं. ही गोष्ट कुठल्याही अहवालात युनिटमध्ये मोजून येत नाही, पण मला ती सगळ्यात मोलाची वाटते.

आता जे सांगण्यासाठी मी आज उभा आहे, त्याकडे येतो.

५ एचपीच्या पंपाला साधारण ५ किलोवॅटचे पॅनेल लागतात. आपल्या उन्हात एक किलोवॅट वर्षाला चौदाशे-पंधराशे युनिट वीज देतो. म्हणजे ५ किलोवॅटचे सात हजार युनिट. पण मोटर वर्षभर थोडीच चालते? पावसाळ्यात ती बंद असते, दोन पिकांच्या मध्ये बंद असते. धरून चला की निम्मी वीज लागली. उरलेल्या साडेतीन हजार युनिटचं काय होतं? ग्रीडला न जोडलेल्या पंपावर ती वीज तयारच होत नाही, वाया जाते. पॅनेल उन्हात नुसते उभे. काही ठिकाणी नव्या प्रकारच्या कंट्रोलरवर कडबाकुट्टी किंवा गिरणी चालवता येते. चांगलं आहे, पण त्यात किती वीज खपणार? बांगलादेशात बोरो भातासाठी बसवलेल्या मोठ्या सौरपंपांचीही हीच अडचण आहे. हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंत काम, बाकीचे महिने पॅनेल रिकामे.

आणि ज्या विजेला दुसरं गिऱ्हाईक नाही, तिचा एकच उपयोग उरतो: आणखी पाणी उपसणं. डिझेल होतं तेव्हा प्रत्येक तासाला खिशातून पैसे जायचे, हात आखडता यायचा. आता पुढच्या तासाला शून्य रुपये. तिकडे फिडरवर २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत वीजबिल माफ. महाराष्ट्राची ८० टक्क्यांहून जास्त जमीन बेसॉल्टची आहे, काळा पाषाण. त्याच्या भेगांत जेवढं मुरलं तेवढंच पाणी. पंजाबसारखा खोल गाळाचा साठा आपल्या पायाखाली नाही. शेजारच्यानं बोअर दोनशे फूट खाली नेलं की आपली विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाण्याचा हिशेब न मांडता दिवसाची फुकट वीज देणं म्हणजे फुटक्या हौदाचा नळ मोठा करणं.

म्हणून शेतकऱ्याला ती वीज द्यायची नाही का? तसं मुळीच नाही, द्यायचीच. फक्त ती विकण्याचा हक्कही द्यायचा. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाचं गाव आहे. तिथे सहा शेतकरी एकत्र आले, डिझेलचे पंप सोडले, सौरपंप बसवले आणि ते ग्रीडला जोडले. सौरवीज उत्पादकांची सहकारी मंडळी स्थापन केली. मे २०१६ पासून त्यांनी वीज विकायला सुरुवात केली, तेव्हा एकूण क्षमता होती अवघी ५६.४ किलोवॅट. वीज कंपनी युनिटला ४ रुपये ६३ पैसे देणार, असा २५ वर्षांचा करार. त्यावर आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेनं हरित वीज आणि पाणीबचत यांचे सव्वा-सव्वा रुपये घातले. बदल्यात शेतकऱ्यांनी सवलतीच्या वीजजोडणीवरचा हक्क सोडला. या संस्थेतले अभ्यासक तुषार शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यात सगळ्यात नेमका विचार केला तो हा: शेतकऱ्यानं एक तास मोटर चालवली तर त्या तासाची कमाई बुडते. म्हणजे पाण्याला पहिल्यांदा किंमत आली, आणि ती कुणी वरून लादलेली नव्हती. पंपांचा बहुतेक खर्च संस्थेनं उचलला होता, शेजाऱ्यांना पाणी विकणंही सुरूच राहिलं, त्यामुळे ढुंडी जसंच्या तसं उचलून इथे ठेवता येणार नाही. पण दिशा मला तीच दिसते.

सहकाराची भाषा महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी साखर कारखाना उभा केला, तेव्हा अल्पभूधारकांनी भांडवल गोळा केलं होतं. आज सौर वाहिनीच्या निविदा मात्र कंपन्या भरतात आणि शेतकऱ्याच्या वाट्याला येतं ते जमिनीचं भाडं. सव्वा लाख रुपये कोरडवाहू हेक्टरला वाईट नाहीत, मी ते कमी लेखत नाही. पण ज्याच्याकडे द्यायला जमीन नाही त्याला काहीच नाही. आणि जिथे गायरानावर प्रकल्प येतो, तिथे शेळ्यामेंढ्या चारणारा आधी हटतो. ग्रामपंचायतीला तीन वर्षांत १५ लाखांचं अनुदान मिळतं. त्यातला किती पैसा त्या मेंढपाळाच्या चाऱ्यापाण्यावर खर्च होतो, हे ग्रामसभेत विचारलं पाहिजे.

कुसुम योजनेच्या पहिल्या घटकात २ मेगावॅटपर्यंतचा प्रकल्प शेतकरी, त्यांचे गट, सहकारी संस्था उभारू शकतात. कागदावर दार उघडं आहे. अडतं ते भांडवलावर. बँक तारण मागते, आणि वीज कंपनी बिल वेळेवर देईल याची हमी मागते. ती हमी राज्य सरकारनं अशा छोट्या संस्थांसाठी घेतली, तर जिल्हा बँका पुढे येतील असं मला वाटतं. दुसरी अट आपण स्वतःवर घालायची: वीज विकणाऱ्या गटानं दरवर्षी पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडायचा. हिवरे बाजारनं हे करून दाखवलंय. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे, आणि पाऊस किती झाला ते पाहून कुठली पिकं घ्यायची ते गाव ठरवतं. असं गाव सौरवीज विकायला निघालं तर मे महिन्यातही त्याच्या विहिरीत पाणी असेल आणि खात्यात विजेचे पैसे. तुमच्यापैकी जे ग्रामपंचायतीत किंवा विकास सोसायटीवर आहेत, त्यांनी येत्या सभेत दोनच विषय घ्यावेत: आपल्या उपकेंद्रात सौरवीज घ्यायला किती मेगावॅट क्षमता शिल्लक आहे याचं लेखी उत्तर मागवणं, आणि गावातल्या विहिरींची पातळी ऑक्टोबर आणि मार्चमध्ये मोजून चावडीवर लावणं.