एपिड्युरल घेतलं की सिझर होतं का?

नमस्कार. एपिड्युरल म्हणजे बाळंतकळांचं दुखणं घालवायला पाठीत दिलं जाणारं इंजेक्शन. ‘पाठीत इंजेक्शन घेतलंस की कळा थांबतील, मग सिझरच करावं लागेल,’ असं पोटुशी बाईला घरातलं कुणी ना कुणी सांगतंच. सांगणारीची काळजी खरी असते. पण सिझरची भीती घालून कुणाला कळा सोसायला लावणं मला मान्य नाही.

कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहणारी संस्था; तिच्या २०१८ च्या आढाव्यात ११ हजारांहून जास्त बायकांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांमध्ये सिझरचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. एपिड्युरल घ्यायला गर्भपिशवीचं तोंड चार सेंटीमीटर उघडेपर्यंत थांबायची सक्तीही आता उरलेली नाही.

वेळ मात्र वाढतो, हे खरं आहे. त्याच आढाव्यात तोंड पूर्ण उघडायला सरासरी अर्धा तास आणि त्यानंतर बाळ बाहेर यायला पाव तास जास्त लागलेला दिसतो. असं का? बाळाचं डोकं खाली सरकताना ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंवर टेकून वळतं. औषधानं ते स्नायू सैलावले की वळणं रेंगाळतं. जोर लावायची आतून येणारी ऊर्मीही बोथट होते. म्हणून अनेकदा कळा वाढवायला ऑक्सिटोसिनचं सलाइन लावतात.

जुन्या पद्धतीत औषध कडक असायचं, पाय अगदी लुळे पडायचे, आणि बाळाला ओढून बाहेर काढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायची वेळ जास्त येई. आता ब्युपिव्हकेन हे बधिर करणारं औषध खूप पातळ करून त्यात थोडं फेंटानिल हे वेदनाशामक मिसळतात. दुखणं जातं, पाय हलतात. २००५ नंतरच्या चाचण्यांमध्ये चिमटा-व्हॅक्यूमचं वाढलेलं प्रमाण दिसत नाही. रक्तदाब उतरू शकतो, म्हणून तो वारंवार मोजतात. तेवढं मोजमाप हवंच.

आणि हे नवऱ्यालाही ऐकवा: तोंड पूर्ण उघडल्यावर कुशीवर झोपा. ब्रिटनमध्ये ३ हजारांहून जास्त पहिलटकरणींवर, सगळ्या एपिड्युरल घेतलेल्या, झालेल्या चाचणीचा निकाल २०१७ मध्ये आला. कुशीवर झोपलेल्यांपैकी ४१ टक्के बायका चिमटा, व्हॅक्यूम किंवा सिझरशिवाय बाळंत झाल्या. ताठ बसलेल्या-उभ्या राहिलेल्यांपैकी ३५ टक्के.

सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारून ठेवा: रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ मिळतील का? आणि एपिड्युरल दिल्यावर, बाळाचे ठोके चांगले असतील तर, बाळ आपोआप बाहेर यायची तुम्ही किती वेळ वाट पाहता?