इरजण लावलेल्या दुधातली थरथर

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. जिंतूरजवळचं आमचं गाव. मायनं दूध कोमट करून भगुन्यात ओतलं, चमचाभर इरजण घालून ढवळलं, वर ताटली झाकली. मे महिना आहे, पहाटेपर्यंत दही लागतंच. सकाळी माय भगुनं जरासं कलतं करून बघते, दही कडेला जागेवर राहिलं म्हणजे झालं. तिचं माप कधी चुकत नाही.

पण भगुनं न हलवता, दह्याला हात न लावता ते किती घट्ट झालं हे मोजता येतं. कसं, ते बघा.

इरजण लावलेल्या दुधाचाच एक थेंब काचपट्टीवर घेतला, वरून पातळ काच ठेवली आणि कडा नेलपॉलिशनं बंद केल्या. पहिल्यांदा कडा तशाच ठेवल्या होत्या तर पाणी सुकत गेलं आणि सगळे कण एकाच बाजूला वाहायला लागले, ते माप काही कामाचं नाही. आता मायक्रोस्कोपच्या भिंगाला मोबाईल लावलाय. हे गोल गोल दिसतात ते दुधातल्या स्निग्धाचे कण, मोठे जवळपास गप्प आहेत पण हे बारके बघा, सारखे थरथरतायत, कुणी हलवत नाहीये, पाण्याचे रेणूच चहूबाजूंनी धक्के देतायत. अशी थरथर १८२७ मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊननं परागातल्या कणांत पाहिली, आणि १९०५ मध्ये आइन्स्टाईननं त्याचं गणित मांडलं. मोजण्यासाठी द्रवात सोडलेला एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, बारका मणी साध्या पाण्यात सेकंदाभरात साधारण मायक्रॉनभर भटकतो, द्रव दाट असला की तेवढं कमी.

तीन तासांनी तोच कण. दूध आंबट झालं की केसीनचे, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचे, कण एकमेकांना चिकटून जाळं विणतात आणि हा त्यात अडकलाय. थरथरतो अजूनही, पण लांब जात नाही, खुंट्याला बांधलेल्या वासरासारखा तेवढ्यातच फिरतो. दोर जितका आखूड, जेल, म्हणजे हे पाणी धरून बसलेलं जाळं, तितकं ताठ. थरथरीवरून ताठपणा काढायचं हे गणित मेसन आणि वाइट्झ या शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये नीट सूत्रात बसवलं, आणि त्याच्याही आधी, १९५० मध्ये, फ्रान्सिस क्रिकनं, हो, डीएनएवालाच, कोंबडीच्या पिलाच्या पेशींत चुंबकी कण घालून ते ओढून पाहिले होते.

मला हे इतकं का आवडतं सांगू, कारण या पद्धतीला थेंबभर माल पुरतो. रक्ताची गाठ, पेशीला आकार देणाऱ्या अॅक्टिन या प्रथिनाचं जाळं, फुफ्फुसातला चिकट कफ, या गोष्टी वाटीभर कुठून आणायच्या? फक्त मणी जाळ्याच्या भोकापेक्षा मोठा पाहिजे, नाहीतर चाळणीतून पीठ निघावं तसा निसटतो आणि मधलं पाणीच मोजलं जातं. कफात तर आणखी घोळ, मणी त्यालाच चिकटून बसतो, म्हणून वरून खास लेप द्यावा लागतो.

पूर्ण लागलेलं दही मात्र या मोबाईलच्या आवाक्याबाहेरचं आहे, त्यात कण हलतो तो अगदी काही नॅनोमीटर (मायक्रॉनचा हजारावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर). म्हणून आम्हाला पाहिजे ते अर्धवट लागलेलं, मधल्या रात्रीचं दही. घड्याळात पावणेदोन झालेत, माय झोपलीये, आणि आम्ही पुढचं रेकॉर्डिंग चालू करतोय.