डिस्को दीवाने बेंजोवर वाजतं तेव्हा

मंडळी, विषय कळवताना आयोजक फोनवर जरा चाचरतच म्हणाले, "थोडा हलकाफुलका आहे, चालेल ना?" गेल्या आठवड्यात याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर बोलणं झालं, त्यामुळे त्यांची काळजी मला समजते. पण मी पेशाने कीबोर्डवाला. शिवाजी मंदिरपासून गल्लीतल्या पूजेपर्यंत ऑर्केस्ट्रात वाजवण्यात उमेदीची वर्षं गेली. हलकीफुलकी गाणी वाजवायला किती जड असतात हे मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा नाझिया आणि झोहेब हसन या भावंडांच्या 'डिस्को दीवाने' या अल्बमबद्दल आज मी जे बोलेन ते समीक्षकाचं नसेल, वाजवणाऱ्याचं असेल.

आधी थोडी पार्श्वभूमी, पटकन. 1980 साली 'कुर्बानी' आला. संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण एक गाणं बाहेरून आलेलं: 'आप जैसा कोई'. सिनेमाचे निर्माते-दिग्दर्शक फिरोज खान यांना लंडनमध्ये नाझिया भेटली. जन्म कराचीचा, 1965 सालचा. म्हणजे शाळेच्या वयाचीच. चाल बांधली बिद्दू यांनी. हा मूळचा बंगळुरूचा माणूस. इंग्लंडला जाऊन त्याने 1974 मध्ये 'कुंग फू फायटिंग' हे जगभर वाजलेलं गाणं निर्माण केलं होतं. शब्द इंदीवर यांचे, पडद्यावर झीनत अमान. नाझियाला त्या गाण्यासाठी फिल्मफेअर मिळालं. लगेच 1981 मध्ये बिद्दूंनी तिला आणि तिच्या धाकट्या भावाला घेऊन अख्खा अल्बम केला, तो 'डिस्को दीवाने'. आपल्याकडे तो एचएमव्हीने काढला.

मुंबईत तेव्हा हिंदी गाणं म्हणजे सिनेमाचं गाणं, असा हिशेब होता. गाण्याला चेहरा नटीचा, आवाज दुसऱ्याच बाईचा, आणि मागे पन्नास-साठ वादकांचा ताफा. इथे कव्हरवर ज्यांचा फोटो, त्यांचाच आवाज. सिनेमा नाही, कथा नाही, हिरो कुठल्या डोंगरावर गातोय ते नाही. आपण मराठी माणसं याला तशी सरावलेली होतो म्हणा. भावगीत म्हणजे तरी काय, सिनेमाशिवाय उभं राहिलेलं गाणंच. 'शुक्रतारा' ऐकताना कुणी विचारलं नाही, हे कुठल्या पिक्चरमधलं? पण नाचायचं हिंदी गाणं सिनेमाशिवाय चालेल, यावर तोवर धंद्यातल्या फारशा कुणाचा विश्वास नव्हता.

आता मूळ प्रश्न. हे गाणं डोक्यात बसतं आणि उठत नाही, ते का?

ऑर्केस्ट्रात हे गाणं बसवताना आमची एक फीमेल सिंगर होती. तयारीचा गळा, लताबाईंची अवघड गाणी सहज म्हणायची. 'डिस्को दीवाने' तिने पहिल्यांदा म्हटलं तेव्हा सवयीने मधे एक मुरकी घेतली, ओळीच्या शेवटी सूर जरा लांबवला. हॉल थंड. तेच पब्लिक, जे मघाशी शिट्ट्या मारत होतं! मध्यंतरात आमचे ढोलकीवाले दादा तिला म्हणाले, "ताई, गाऊ नका. बाराखडी म्हटल्यासारखं म्हणा." तिला ते लागलं. जरा फुरंगटून, मुद्दाम सपाट आवाजात, अक्षरं तोडून तिने ते दुसऱ्या भागात म्हटलं, आणि बाल्कनी उभी राहिली.

दादांनी नेमकं बोट ठेवलं होतं. नाझियाचा आवाज नाकातला, पातळ, रियाज न केलेला. चालीचा आवाका लहान. वरच्या पट्टीत चढायचं नाही, खाली बुडायचं नाही. लताबाईंचं गाणं ऐकताना आपण मान डोलावतो आणि गप्प बसतो, कारण आपल्याला ते जमणार नाही हे माहीत असतं. इथे पहिल्या अंतऱ्याच्या आत बाथरूम सिंगरसुद्धा सामील होतो. आणि ओळीनंतर येणारं ते 'आहा, आहा' तर अगदीच पब्लिकसाठी मोकळं सोडलेलं. शब्द पाठ नसले तरी तेवढं म्हणता येतं.

पण आवाज पातळ ठेवून गाणं भरभक्कम वाटायचं कसं? ही सगळी कारागिरी बिद्दूंची. मुंबईत त्या काळी बहुतेक गाणी वादक आणि गायक एकत्र बसून रेकॉर्ड होत. एक चुकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. लंडनमध्ये मल्टिट्रॅक होतं. ड्रम वेगळे, बास म्हणजे खालच्या सुरांची गिटार वेगळी, आवाज वेगळा, असं एकेक रेकॉर्ड करून नंतर जोडायचं. 'आप जैसा कोई' हेडफोन लावून ऐका. तिचाच आवाज तिच्याच आवाजावर चढवलेला ऐकू येतो. दोन वेळा म्हटलेलं शंभर टक्के कधीच जुळत नाही, आणि त्या किंचित फरकामुळे आवाज रुंद होतो. खाली मोठा ड्रम प्रत्येक मात्रेवर पडतो, एकही मात्रा रिकामी नाही. आपल्या केरव्याला जो झोल असतो तो इथे काढून टाकलाय. कुठूनही शिरा, पाय चुकत नाही. बास मात्र स्वस्थ बसत नाही. तो सारखा काहीतरी बोलत असतो, आणि गाणं बोअर होत नाही ते त्याच्यामुळे.

गाण्याची खरी परीक्षा मात्र मुंबईत बेंजो पार्टी घेते. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रकवर वाजणारा बेंजो एका वेळी एकच सूर काढतो. कॉर्ड नाही, कोरस नाही, स्टुडिओची करामत तर सोडाच. खाली ढोल, कोंगो आणि जनरेटरची घरघर. या सगळ्यातून जी चाल आरपार ऐकू येते, तीच खरी चाल. भल्याभल्या संगीतकारांची गाणी या परीक्षेत नापास होतात, कारण त्यांची जादू व्हायोलिनच्या भरण्यात असते. 'आप जैसा कोई' आणि 'डिस्को दीवाने' लालबागच्या रस्त्यावर बेंजोवर वाजताना मी ऐकलीत. पहिल्या चार सुरांत गर्दीला गाणं कळतं. बिद्दूंच्या लंडनच्या स्टुडिओतलं सगळं सोनं काढून घेतलं तरी चाल शिल्लक उरते, हे मला त्या अल्बमचं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र वाटतं.

उलटं उदाहरण याच शहरातलं. 1982 मध्ये चरणजित सिंग यांनी एचएमव्हीसाठीच एक रेकॉर्ड केली. दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर, सगळं रोलंडच्या सिंथेसायझरवर आणि ड्रम मशीनवर. आज परदेशातले लोक तिला डोक्यावर घेतात, अ‍ॅसिड हाऊस हे मशीनवरचं नाचाचं संगीत जन्मायच्या आधीचं अ‍ॅसिड हाऊस म्हणतात. तेव्हा तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. कीबोर्डवाला म्हणून मला विचाराल तर ती रेकॉर्ड कितीतरी जास्त धाडसी आहे. पण तिच्यात बाहेरच्याला शिरायला फट नाही. भैरवचे सूर त्या वेगाने पळताना आपण फक्त बघत राहतो.

जोडीबद्दल एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. सिनेमातलं द्वंद्वगीत म्हणजे तो तिला म्हणतो, ती त्याला म्हणते, आपण मधे खुर्चीत. जगजित-चित्रा तर नवरा-बायकोच. इथे आहेत बहीण-भाऊ, आणि गाणी प्रेमाची! ते एकमेकांना उद्देशून गाऊच शकत नाहीत. मग दोघंही बाहेर बघून गातात, म्हणजे तुमच्याकडे बघून. त्यात लाडिकपणा आहे, शृंगार जवळपास नाही. म्हणूनच चाळीतल्या आई-वडिलांनीही टू-इन-वनवर ही कॅसेट वाजायला हरकत घेतली नाही. 'लैला ओ लैला' लागलं की आवाज कमी करायला सांगणारी हीच मंडळी!

सगळी गाणी सारखी नाहीत, हेही सांगायला हवं. 'कोमल' गोड आहे, पण ऐकून झाल्यावर हाती फारसं लागत नाही. झोहेबचा आवाज बहिणीच्या मानाने कच्चा. आणि शेवटी 'डिस्को दीवाने'च वादनरूपात पुन्हा ठेवलंय, ते मला सरळ जागा भरल्यासारखं वाटतं. अर्थात आम्हा कीबोर्डवाल्यांना त्याच्यावरून पीस बसवायला सोपं गेलं, तेव्हा तक्रार नाही.

पुढे या भावंडांची गाणी असलेला 'स्टार' हा सिनेमा आला 1982 मध्ये. सिनेमा पडला, त्यातलं 'बूम बूम' चाललं. 1984 मध्ये 'यंग तरंग' हा अल्बम. नाझिया पुढे कायदा शिकली, आणि 13 ऑगस्ट 2000 रोजी लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली. वय 35.

मघाशी मागून एका मुलीने विचारलं, की आमच्या पिढीला हे 'स्टुडंट ऑफ द इयर'मुळे माहीत, ते रिमिक्स तुम्हाला चालतं का? 2012 मधलं ते. अगं, न चालायला काय झालं! ठेका नवा, ड्रम चौपट, सुनिधी चौहानसारखी जबरदस्त गायिका हाताशी. तरीही त्यांनी नाझियाचा जुना आवाज त्यात ठेवलाच. नव्याने म्हणून घेता आलं नसतं असं नाही. पण सुनिधीला सपाट म्हण असं सांगायला आमचे ढोलकीवाले दादा तिथे नव्हते.

आता 'लेकिन मेरा दिल' लावतो. शब्द रडण्याचे आहेत, ठेका नाचण्याचा. आवाजाकडे तुमचं लक्ष आपोआप जाईलच, म्हणून या वेळी फक्त बासकडे कान ठेवा. बघा, रडायचं काम दोघांपैकी कोण करतंय.