चापाचं वजन

टेबलावर रायफल आहे. बोल्ट मागे ओढून चेंबर पाहिलंय, बोट घालून चाचपलंयही. काडतूस नाही. आता चाप ओढायला किती जोर लागतो ते मोजणाऱ्या गेजचा हुक चापाच्या मधोमध अडकवायचा आणि सरळ मागे ओढायचं.

टक्.

6 पौंड. म्हणजे जवळजवळ पावणेतीन किलो. अख्खी रायफलच भरते 7-8 पौंड! एवढा जोर एका बोटानं लावायचा म्हटलं की नळी हलणारच. गोळी एल्कला, म्हणजे त्या थोराड हरणाला, लागेलही, पण लागायला हवी तिथं लागणार नाही.

अमेरिकेत 1980-90 च्या दशकांत शिकारी रायफली बऱ्याचदा अशाच जड चापाच्या यायच्या. चाप चुकून सुटला तर खटला होईल, ही कंपन्यांना धास्ती. शिकारी मात्र वैतागायचे, आणि घरीच स्क्रूड्रायव्हर काढून चाप हलका करायचे.

आता रेमिंग्टन 700 चा दस्ता उतरवू. 1962 साली आलेली ही रायफल. तिचा ट्रिगर माइक वॉकर यांनी त्याही आधी, 1940 च्या दशकात आखलेला. तीन बारीक स्क्रू दिसतायत. पुढचा खालचा स्प्रिंग दाबतो, त्यावर वजन ठरतं. पुढचा वरचा, गोळी सुटल्यावर चाप किती मागे जाईल ते ठरवतो. आणि हा मागचा. खरी गोम इथं आहे.

काडतुसावर आपटणारी फायरिंग पिन ताणलेल्या अवस्थेत सिअरवर, म्हणजे तिला रोखणाऱ्या खटक्यावर, अडलेली असते, आणि सिअर टेकलेला असतो एका पोलादी कडेवर. दोन्ही कडा एकमेकींवर जेमतेम अर्धा मिलिमीटर. मागचा स्क्रू हा टेकू कमी-जास्त करतो. कमी केला की चाप पापड मोडावा तसा सुटतो, हाताला फार गोड लागतो. आणखी कमी केला, तर रायफल नुसती आपटली तरी पिन पडू शकते. वजनाची स्प्रिंगही फार सैल सोडून चालत नाही. चाप जागेवर परत येईनासा होतो.

वॉकर यांच्या रचनेत ही कड एका सुट्या तुकड्यावर आहे, कनेक्टरवर. त्याच्यामागे कचरा अडकून बंदूक आपोआप सुटते, असे आरोप झाले, खटले वर्षानुवर्षं चालले. कंपनीनं दोष कधी मान्य केला नाही. पुढे नव्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरमधून कनेक्टर गेला. पण एप्रिल 2014 मध्ये त्याही रायफली परत मागवाव्या लागल्या. जुळणी करताना चिकटद्रव्य जास्त पडलं होतं!

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे. बोल्ट-ॲक्शन, म्हणजे हातानं बोल्ट ओढून भरायची रायफल, भेटते ती मुख्यतः शूटिंग रेंजवर. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, त्या प्रकारात चापाच्या वजनाला किमान मर्यादाच नाही. काही नेमबाज शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवतात. पण रेंजवर हुकूम झाल्याशिवाय काडतूस आत जात नाही. अमेरिकेतल्या माँटाना राज्यातला शिकारी नोव्हेंबरच्या थंडीत, जाड हातमोजे घालून, भरलेली रायफल घेऊन डोंगर चढत असतो. त्याला अडीच-तीन पौंड पुष्कळ झाले, असं आमचं मत.

2003 च्या सुमारास सॅव्हेज या बंदूक कंपनीनं यावर छान तोड काढली. ॲक्युट्रिगर. चापाच्या मधोमध एक पातळ पातं. बोटानं ते दाबलं नाही, तर सिअर सुटला तरी वाटेत अडतो. मालकाला फिरवायला दिली फक्त वजनाची स्प्रिंग. टेकूला हात लावायची सोयच ठेवली नाही. रूगर, मॉसबर्ग या कंपन्यांनीही मग आपापली पाती आणली.

जुन्या ट्रिगरला हात लावलाच असेल, तर चाचणी टाळता येत नाही. रिकामी रायफल कॉक करा, म्हणजे पिन ताणून ठेवा, दस्त्याचा तळ रबरी मॅटवर आपटा. बोल्ट जोरात बंद करून बघा. सेफ्टी लावून चाप ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. यात एकदा जरी पिन पडली, तरी रायफल थेट गनस्मिथकडे, म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे. आणि दस्ता परत बसवल्यावर हे सगळं पुन्हा करायचं; लाकूड चापाला घासत असेल, तर ते आत्ता टेबलावर कळलेलं नाही.