शहरातल्या कोल्ह्याचं तोंड आखूड का झालं?

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, कोल्हापूरचं नाव कोल्ह्यावरून पडलेलं नाही, अंबाबाईनं ज्याला मारलं त्या कोल्हासुराची ती कथा आहे, त्यामुळं कमेंटमध्ये तो विनोद नको, लई वेळा ऐकून झालाय. आजचा व्हिडिओ मात्र खरोखरच्या कोल्ह्यावर आहे, आणि तिथंही एक घोळ आहेच.

आपल्या उसाच्या फडातनं रात्री कोल्हेकुई येते ना, तो कोल्हा म्हणजे इंग्रजीतला जॅकल, ८-१० किलोचा गडी. आणि इंग्रजीत ज्याला फॉक्स म्हणतात ते आपल्याकडचं खोकड, जेमतेम २-३ किलोचं, माळरानावर बिळं करून राहणारं, शेपटीचं टोक काळं. लंडनच्या गल्लीत फिरतो तो तिसराच, तांबडा फॉक्स, त्याच्या शेपटीचं टोक बहुतेक वेळा पांढरं असतं. आज गोष्ट त्याची आहे, आणि सोयीसाठी मी त्यालाही कोल्हाच म्हणणार, खोकडवाल्यांनी माफ करा.

तर झालं असं की १९३० च्या दशकात लंडन शहर चारी बाजूंनी पसरलं, घरामागं बागा असलेल्या वसाहती झाल्या, आणि कोल्ह्यांनी बघितलं की हितं झुडपं पण हाईत आणि उष्टं-खरकटं पण हाय, मग कशाला शेतात उंदरामागं पळा. आपली म्हणच आहे, कोल्हा काकडीला राजी.

१९७१ ते १९७३ या काळात लंडन आणि आजूबाजूच्या ग्रामीण भागातले बरेच कोल्हे मारले गेले आणि त्यांच्या कवट्या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात जाऊन पडल्या. कोणता कोल्हा शहरातला, कोणता खेड्यातला, ही नोंद सोबत होती, खरी कमाई तीच. ग्लासगो विद्यापीठाच्या केविन पार्सन्स यांच्या टीमनं त्यातल्या शंभरावर कवट्या मोजल्या आणि २०२० मध्ये निष्कर्ष छापले. शहरी कोल्ह्याचं तोंड आखूड आणि रुंद, खेड्यातल्याचं लांब आणि निमुळतं.

आता यानं काय फरक पडतो? घरात अडकित्ता असेल तर काढा. सुपारी पात्याच्या टोकाशी धरून दाबा, हात दुखेल पण फुटणार नाही, तीच आत खिळीजवळ सरकवा, कट्, झालं काम. जबड्याचं गणित हेच आहे. लांब जबड्याचं टोक झपकन मिटतं, पण जोर कमी. पळत्या उंदराला पकडायचं तर जोर नको, वेग पाहिजे. शहरातला घास पळत नाही, पण कोंबडीचं हाड फोडायचं, कडक काहीतरी चावायचं, तिथं आखूड तोंडाचा दाब कामाला येतो.

आणखी दोन गोष्टी निघाल्या. शहरी कोल्ह्यात मेंदूची पेटी थोडी लहान, आणि नर-मादीच्या कवटीतला फरकही कमी झालेला. ही लक्षणं ऐकली की पाळीव प्राण्यांचा अभ्यास करणारे कान टवकारतात, कारण लांडग्याचा कुत्रा होताना साधारण अशाच खुणा दिसतात. रशियात दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये फरसाठी पाळलेल्या कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला, दर पिढीत फक्त माणसाला कमी बुजणारे निवडायचे, बाकी काही बघायचं नाही. पिढ्या गेल्या तशी माणूस दिसला की शेपूट हलवणारी पिल्लं निघाली, काहींचे कान पडलेले, अंगावर पांढरे ठिपके. पण तिथं निवडणारा माणूस होता. लंडनमध्ये कोल्ह्याला कुणी पाळलेलं नव्हतं, तो आपल्या पायानं आला. म्हणून शहरी कोल्हा पाळीव झाला असं थंबनेल टाकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, त्याची कवटी त्या दिशेला थोडी सरकली, एवढंच.

हे सगळं मी आमच्या आबांना रानात बसून सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हंजे आयतं खाऊन तोंड आखूड होतंय व्हय?" मी म्हटलं तसं नव्हं आबा, वाढत्या वयातल्या खाण्यानं थोडं बदलत असंल, पण मोठा अंदाज असा की ज्याचं तोंड जन्मतःच जरा आखूड हाय ते शहरात जास्त टिकतंय, त्याची पिल्लं जास्त जगत्यात, आणि असं पिढ्यान्‌पिढ्या चालतंय. आबांनी बांधावरचं एक ऊसकांडं उचललं, कोल्ह्यानं दातानं सोललेलं, रस अजून चिकट होता, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मग ह्याची मापं कोण घेणार?"