शाळूला कोणता पिवळा?

मघाशी एकांनी विचारलं, पिकलेल्या शेताच्या तैलचित्रासाठी कोणता पिवळा घ्यायचा? तेव्हा मी उत्तर टाळलं, कारण त्या पिवळ्यानेच माझी पहिली दोन वर्षं खाल्ली आहेत.

सोलापूरकडे फेब्रुवारी-मार्चात शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, काढणी असते. तिथल्या एका बांधावर मी ईझल मांडलं आणि कॅडमियम यलो या भडक पिवळ्याची अर्धी ट्यूब संपवली. कणीस न् कणीस काढलं. दुपारी भाकरी घेऊन आलेल्या एक मावशी थांबल्या, चित्र बघितलं आणि म्हणाल्या, “ह्यो गहू कुणाच्या रानातला?”

ओशाळलो. पण त्यांचं बरोबर होतं. समोरचं रान मी बघतच नव्हतो. पुस्तकांत पाहिलेली युरोपातली शेतं उतरवत होतो. चित्रकार व्हॅन गॉगने जून 1888 मध्ये आर्ल्‌जवळ सुगी रंगवली ती गव्हाची, दक्षिण फ्रान्सच्या उन्हातली. तिथे तो पिवळा खरा आहे. आपल्या मालदांडी शाळूचा दाणा मोत्यासारखा पांढरट. खालची पानं वाळून करडी-तांबूस झालेली, धाटात मात्र अजून हिरवट ओल. येलो ओकर (मातकट पिवळा), पांढरा, किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि सावल्यांना अल्ट्रामरीन (गडद निळा), एवढ्यात अख्खं रान होतं. भडक पिवळा ब्रशच्या टोकावर येईल इतकाच.

काळी मातीही अशीच फसवते. उन्हात ती धुळकट राखाडी असते, बुचाडाच्या, म्हणजे रचलेल्या कडब्याच्या, सावलीत जांभळट. पहिलं वर्षभर काळी ट्यूब घरीच ठेवा. कडब्याचं बुचाड उजळ दिसतं ते पायाशी पडलेल्या त्या जांभळट सावलीमुळे. सावली चुकली की वर कितीही पांढरा थापा, उजेड येत नाही. डोळे अर्धवट मिटून बघा. कणसं, पानं, माणसं विरघळतात आणि तीन-चार ठिगळं उरतात. आधी ती लावायची, आणि झटपट, कारण दोन तासांत सावली दुसरीकडे गेलेली असते.

नेदरलंड्सचा जुना चित्रकार ब्रॉयगेल, त्याचं 1565 मधलं सुगीचं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात उभा गहू भिंतीसारखा सलग आहे. काड्या नीट कळतात त्या कापलेल्या कडेला. आणि झाडाखाली मंडळी जेवताहेत, एक गडी तंगड्या पसरून चक्क झोपलाय. सुगीतला थकवा त्या झोपलेल्या माणसात जितका दिसतो तितका विळा चालवणाऱ्यांत दिसत नाही, असं मला वाटतं.

आता तेलाचं. आपण वापरतो ते जवसाचं तेल, म्हणजे तेही शेतातूनच आलेलं. ते पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, आणि वर जाल तसं तेल वाढवायचं. उलट केलंत तर वरचा थर आधी आखडतो, खालचा मऊच राहतो, आणि उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा भेगा चित्राला पडतात. माझ्याकडे एक तसलं आहे, नंतर दाखवतो.

त्या मावशींना पुढच्या सुगीत दुसरं चित्र दाखवलं. शाळू त्यांनी ओळखला. मग म्हणाल्या, “बांधावरची बोर कुठं गेली?” ते बोरीचं झाड रचनेला आड येतं म्हणून मी गाळलं होतं. परत काढलं. त्या काळपट हिरव्याशेजारी कणसं एकदम पांढरी दिसायला लागली.

चला, पॅलेट लावू. टर्पेंटाइन उघडतोय, तेवढी ती मागची खिडकी कुणीतरी उघडा.